अभिषेकाचे घट

पंचवटीत येणारे भाविक सीतागुंफेत वाकून शिरतात, काळारामापुढे हात जोडतात, पाच वडांपाशी फोटो काढतात आणि पुढे त्र्यंबकला जातात. एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. खरं तर आम्हा इथल्यांच्याही येत नाही. आमच्या या गावाचं नाव रामायणात आलं ते घरातला एक समारंभ ऐनवेळी मोडला म्हणून. चैत्रातल्या त्या पुष्य नक्षत्रावर अभिषेक ठरल्यासारखा झाला असता, तर राम गोदावरीकाठी पर्णकुटी बांधून कशाला राहिला असता?

मी शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्तीनंतर हिरावाडीतल्या घरी वाल्मीकी पहिल्यापासून सलग वाचायचं ठरवलं आणि अयोध्याकांडात रेंगाळले. तिथली तयारी वाचताना अगदी आपल्या घरातलं कार्य वाटतं. सोन्याचे घट, गंगा-यमुनेच्या संगमाचं पाणी, मध, दही, तूप, लाह्या, दर्भ, व्याघ्रचर्म. आमंत्रणांचा गोंधळही आहेच. घाई असल्याने केकयराजाला आणि जनकाला बोलावणं गेलं नाही. आनंदाची बातमी त्यांना मागाहून कळेल, असं दशरथाने ठरवलं. भरत-शत्रुघ्न आजोळी. म्हणजे सगळं कुटुंब एकत्र जमणार नव्हतंच. तरी राम-सीता आदल्या रात्री उपास करून राहिले, गावाने रस्ते शिंपले, आणि सकाळी सगळं संपलं.

मी पुन्हा त्या कांडाकडे वळले ती गेल्या दिवाळीत. मुलगा, सून, नातू पुण्याहून यायचे होते. मुलगी-जावई डोंबिवलीहून पंचवटी एक्स्प्रेसने. वसुबारसेच्या संध्याकाळी येवल्याहून फोन आला. ह्यांचे चुलत चुलते, अण्णाकाका, गेले. नव्वदी ओलांडलेला माणूस; संक्रांतीला येवल्याच्या गच्चीवर आसारी धरून शेवटपर्यंत पतंगाला ढील देणारा. ह्यांनी फोन ठेवला आणि एवढंच म्हणाले, “दहा दिवस.”

ज्या घरात सोयर-सुतक पाळतात तिथे या दोन शब्दांपुढे काही सांगावं लागत नाही. अभ्यंगस्नान नाही, लक्ष्मीपूजन नाही, देवाला हात नाही. मुलगा म्हणाला, “आई, मी त्यांना नीट पाहिलेलंही नाही गं.” खरंच होतं ते. पण शास्त्र ओळख विचारत नाही, पिढ्या मोजतं.

सासऱ्यांच्या कपाटात धर्मसिंधूची जुनी प्रत आहे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी हा ग्रंथ १७९० च्या सुमारास लिहिला, आणि महाराष्ट्रातल्या भिक्षुकांनी पुढे दोनशे वर्षं त्यावर घरं चालवली. सात पिढ्यांपर्यंत सपिंड, त्यांना दहा दिवस. त्यापुढे चौदा पिढ्यांपर्यंत समानोदक, त्यांना तीन. लग्न होऊन गेलेली मुलगी दुसऱ्या गोत्राची, म्हणून अण्णाकाकांचं सुतक माझ्या मुलाला आहे आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला नाही. “मग मी एकटीच येऊन तुमच्या बाथरूममध्ये उटणं लावू का?” मुलीने विचारलं. शास्त्राप्रमाणे उत्तर “हो” असं होतं. ती आली नाही.

त्याच प्रकरणात एक नियम आहे, आणि त्याची मला गंमत वाटते. व्रत, यज्ञ, लग्न, श्राद्ध ही कार्यं एकदा सुरू झाली की मध्येच आलेलं सुतक त्यांना लागत नाही. सुरू व्हायच्या आत आलं तर लागतं. मग सुरू झालं म्हणजे नेमकं काय झालं? तेही ठरलेलं आहे. यज्ञ सुरू होतो ऋत्विजांना वरलं की. व्रत संकल्पाने. लग्न नांदीश्राद्धाने. आणि श्राद्ध, स्वयंपाकाला लागलं की. म्हणजे चूल पेटली की कार्य सुरू झालं, हे शास्त्रकारांना एका ठिकाणी तरी मान्य होतं. दिवाळीच्या बाबतीत मात्र भाजणी दळून आणली, चकल्या तळून डबे भरले, तरी दिवाळी अनारब्धच. भाजणी भाजून हात दुखलेलं त्यांच्यात कुणी नसावं. वैद्य, कारागीर, राजसेवक यांना त्यांच्या कामापुरती सूट आहे, ती वाचून मुलाने विचारलं होतं की सॉफ्टवेअरवाला शिल्पी धरायचा का.

मला हे नियम अक्षरशः पटतात असं नाही. मृत्यूने माणूस अपवित्र होतो, यावर माझा विश्वास नाही. पण नियमाचा एक उपयोग मला त्या संध्याकाळी दिसला. आमची दिवाळी मोडली आणि ती कुणी मोडली नव्हती. घरातल्या एकालाही “नको” म्हणावं लागलं नाही. हे हट्टी ठरले नाहीत, मी कर्मठ ठरले नाही, सून नाराज असली तरी तिची नाराजी कुणा माणसावर नव्हती. नकार बाहेरून आला होता, सात पिढ्यांच्या हिशेबातून.

राम दैवाचं नाव घेतो ते मला वाटतं याचसाठी. अयोध्याकांडाचा २२ वा सर्ग काढून पाहावा. लक्ष्मण संतापाने फुसफुसतो आहे आणि राम त्याला समजावतो की हे कैकेयीचं काम नव्हे. आजवर तिने मला आणि भरताला वेगळं मानलं नाही. इतक्या थोर कुळातली बाई नवऱ्यासमोर असं बोलली, ते दैवानेच. ज्याचा विचारसुद्धा करता येत नाही ते दैव. आपल्याकडे कीर्तनात हा भाग रामाची स्थितप्रज्ञता म्हणून येतो. मला तिथे तत्त्वज्ञान कमी आणि सौजन्य जास्त दिसतं. विश्व कसं चालतं, हे तो सांगत नाही. उद्या ज्या बाईच्या हाती घर सोपवून जायचं आहे, तिच्याबद्दल भावाच्या मनात द्वेष राहू नये, एवढी त्याची खटपट आहे. दैव हा शब्द तो तिच्या अंगावर पांघरूण घालावं तसा वापरतो.

याच सर्गात ते घट येतात. सगळी तयारी मांडून ठेवलेली आहे आणि राम म्हणतो, लक्ष्मणा, अभिषेकासाठी भरलेल्या याच घटांच्या पाण्याने माझं तापसव्रताचं स्नान होईल. आणि लगेच पुढच्या श्लोकात विचार बदलतो: किंवा असू दे, राजाच्या या वस्तूंशी आता माझा काय संबंध? मी स्वतः ओढून आणलेलं पाणी पुरे. या “किंवा”पाशी मी फार वेळ थांबते. ज्याला काही वाटतच नाही असा माणूस घटांचं काय करायचं यावर दोन मतं देणार नाही. आधी वाटतं, केलेलं वाया जाऊ नये. मग वाटतं, त्याला हातच लावू नये.

माझ्या स्वयंपाकघरात डबे होते. शेजारच्या वहिनींना दिले असते, पण सुतकी घरचं त्या घेत नाहीत. त्यांनी फार गोड शब्दांत नाही म्हटलं. धुण्याभांड्याच्या मावशींनी मात्र एक डबा स्वतःच उचलला. “आमच्यात न्हाई असलं काई. पोरं खातील.”

आता दुसऱ्या बाजूचं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी नातवाचा व्हिडिओ कॉल आला. मागे समुद्र होता. दापोली. “तसंही पूजा नव्हतीच ना आई, सुट्टी फुकट गेली असती,” मुलगा म्हणाला. मी नातवाला शंख दाखवायला सांगितलं, पाण्यात फार आत जाऊ नकोस म्हटलं आणि फोन ठेवला. अण्णाकाका गेले हे दैव. दापोली दैव नव्हे. पूजा नसली तरी आई-बाप नाशकातच होते, आणि पूजा नसलेल्या घरात येऊन बसायला कुठल्या सिंधूची मनाई नव्हती.

पुढच्याच, २३ व्या सर्गात लक्ष्मण जे बोलतो ते इथे लागू पडतं. तो दैव मानत नाही. दुबळे लोक दैवाच्या मागे जातात, म्हणतो. ज्यांच्या अंगात धमक आहे ते नाही. आणि त्याची खरी तक्रार याहून नेमकी आहे: दशरथ आणि कैकेयी या दोघांनी जाणूनबुजून केलं, आणि तू त्याला दैव म्हणून त्यांना मोकळं सोडतोस. हा प्रश्न बिनतोड आहे. रामाने त्यावर काय युक्तिवाद केला, हे पाहायला मी सर्गाचा शेवट पुन्हा पुन्हा वाचला आहे. युक्तिवाद नाही. तो लक्ष्मणाचे डोळे पुसतो, पुन्हा पुन्हा समजूत घालतो आणि सांगतो की वडिलांच्या शब्दाला मी बांधलेला आहे. एवढंच. वाल्मीकी लक्ष्मणाला हरवत नाही.

ज्यांना शांत राम आवडतो, त्यांनी ५३ वा सर्गही वाचावा. गंगा ओलांडली आहे, सुमंत्र परत फिरला आहे, राज्याबाहेरची पहिली रात्र आहे. झाडाखाली पानांवर बसलेला राम बोलू लागतो, आणि अयोध्येत ज्या कैकेयीवर पांघरूण घातलं होतं, तिच्याचबद्दल नको ते बोलतो. ती महाराजांचा जीव घेईल का? माझ्या आईला विष देईल का? बायकोच्या शब्दावरून माझ्यासारख्या मुलाला कुठला अडाणी बाप तरी टाकेल? एकट्याने अयोध्या जिंकता येईल मला, पण अधर्माला भितो. मग तो रडतो. आणि समजूत घालतो लक्ष्मण, ज्याने इतका थयथयाट केला होता तोच.

प्रवचनांतून हा सर्ग मी फारसा ऐकलेला नाही. समत्व म्हणजे आत काही न हलणं, ही आपली आवडती कल्पना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायानंतर ती अधिकच पक्की झाली. वाल्मीकीच्या रामाचं समत्व वेगळं आहे. लोकांसमोर, आईसमोर, सीतेला सांगायला जाईपर्यंत कुणाला ओझं होऊ नये म्हणून तो ते सांभाळतो. ते दुसऱ्यांसाठी असतं. झाडाखाली फक्त लक्ष्मण आणि सीता उरतात तेव्हा ते सुटतं, आणि सुटल्याचा कवीला काही कमीपणा वाटत नाही. दापोलीचा फोन ठेवल्यावर त्या रात्री मी सुनेबद्दल ह्यांच्यापाशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. हे ऐकत बसले. मध्ये उठून त्यांनी चहा केला.

पांडवपंचमी उलटली आणि दहावा आला. येवल्याची मंडळी दशक्रियेला रामकुंडावर आली. सणाचे दिवस असोत नसोत, रामकुंडावर रोज कुणाचा तरी दहावा असतोच. मुंडन, पिंड, कावळ्याची वाट पाहणारी माणसं, आणि शेजारीच यात्रेकरूंच्या आंघोळी. विधी आटोपून सगळे आमच्याकडे आले. सुतक्यांना सुतक्यांचं चालतं, त्यामुळे वहिनींना न चाललेले डबे यांना चालण्यासारखे होते. तरी मी घुटमळले, तळण कसं ठेवायचं दुःखाच्या घरच्या माणसांपुढे? काकूंनीच विचारलं, “कधी केलंस?” म्हटलं, वसुबारसेच्या आधी. “मग ते असताना तळलंय. आण.” काकूंनी स्वतः काही घेतलं नाही, पण दोन्ही नातवांच्या हातात चकल्या दिल्या. काकांना पतंगाच्या दिवसांत चकली लागायची, मांजाने चिरलेल्या बोटांनी ते कशी खायचे, हे बोलणं निघालं. ही माणसं माझ्या घरी कित्येक वर्षांत आली नव्हती. ती आली म्हणून मुलगा न आल्याची भरपाई झाली का? नाही. “जे होतं ते बऱ्यासाठीच” हे वाक्य मला नको आहे. येवल्याची माणसं आली हे चांगलं झालं, मुलगा आला नाही हे वाईट झालं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अरण्यकांडाच्या १६ व्या सर्गात आमची थंडी आहे. शरद संपला आहे, नव्या धान्याने देव-पितरांची पूजा झाली आहे, जव-गव्हाच्या शेतांवर धुकं आहे. राम, सीता, लक्ष्मण पहाटे गोदावरीवर आंघोळीला निघालेत. तहानलेला हत्ती पाण्याला सोंड लावतो आणि गारठ्याने मागे घेतो. पाणपक्षी काठावरच बसून राहतात. डिसेंबरात गोदाकाठी कुणी सकाळी फिरून पाहावं, किंवा निफाडच्या द्राक्षबागांकडे. लक्ष्मणाला भरत आठवतो: याच वेळी तो शरयूवर आंघोळीला जात असेल. आणि बोलता बोलता पुन्हा कैकेयीवर येतो. वनवासातली इतकी वर्षं गेली तरी त्याचं समाधान झालेलं नाही. राम म्हणतो, मधल्या आईला नावं ठेवू नकोस, भरताचं सांग. रामाला भरताचं बोलणं आठवतं आणि तो विचारतो, आपण चौघं पुन्हा कधी एकत्र येऊ?

तुळशीच्या लग्नाला मुलगी आली. सुतक फिटलं होतं, ऊस आणला, नवा चिवडा केला. मी तिला हे सर्ग वाचून दाखवले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, ते सगळं ठीक आहे. पण दादाला कुणीतरी सांगायला हवं की नको? तू पांघरूण घालणार, बाबा चहा करणार, आणि तो पुढच्या वर्षी गोव्याला जाणार.” मी म्हटलं, रामाने कैकेयीला कुठे सांगितलं? “त्याने नाही सांगितलं. भरताने सांगितलं, चांगलं खडसावून सांगितलं,” ती म्हणाली. तेही अयोध्याकांडातच आहे. तिने त्याच संध्याकाळी भावाला फोन लावला आणि बोलायला गच्चीवर गेली. काय बोलली ते मी विचारलेलं नाही.