बावन्न हक्क

'हक्क' हा शब्द आपण मोर्चात घसा फुटेस्तोवर ओरडतो. पण हा शब्द आपल्या वस्तीत मोर्चासंगं आलेला नाही. तो लई आधीपासून घरात होता. मेलेल्या ढोराचं कातडं हा हक्क. मढ्यावरचं कापड हा हक्क. सणासुदीला दारोदार फिरून 'भाकर वाढा माय' म्हणायचं, तोही हक्कच. जुनी माणसं सांगायची, असे बावन्न.

दिले कुणी? बेदरच्या बादशहानं. दंतकथा अशी, की अमृतनाक नावाच्या महारानं बादशहाची बेगम दुश्मनाच्या हातून सोडवून आणली. निघताना त्यानं एक डबी बादशहाकडे ठेवायला दिली होती. परतल्यावर ती उघडली, तर आत त्यानं स्वतःचं लिंग कापून ठेवलेलं. बेगमेवर कुणी संशय घेऊ नये म्हणून. बादशहा खूष झाला, माग म्हणाला. यानं आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागितले.

कथा खरी की खोटी, हा वाद मला घालायचा नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं सांगितली गेली, माझं भांडण त्याच्याशी आहे. माणूस आपलं पुरुषपण कापून देतो आणि बदल्यात काय, तर मढ्यावरचं कापड!

आपलं परंडा, नळदुर्ग तेव्हा ह्याच बहामनी राज्यात. १४७० च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून बेदरला आला, घोडा विकायला. वास्को द गामा कालिकतला लागला तो १४९८ साली. म्हणजे हा त्याच्याही आधीचा. त्यानं लिहून ठेवलंय, की इथले सरदार गडगंज आणि खेड्यातली माणसं कंगाल. परमुलखातला माणूस, तरी त्याला दिसलं.

पुढं बहामनी गेले. निजामशाही, आदिलशाही, मोगल, आसफजाही आले. सातव्या निजामाच्या नावानं धाराशिवचं उस्मानाबाद झालं. तख्तावरचे धनी बदलले. येसकराच्या हातातली काठी तीच राहिली. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या कसबे तडवळ्याला आले ते महार-मांग वतनदार परिषदेला. त्याआधी १९२८ सालीच त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं होतं. वतन म्हणजे राजानं दिलेला हक्क. दिलेल्या हक्कावर देणाऱ्याचा हात कायम असतो, आणि घेणाऱ्याला त्या हाताखाली वाकून राबावं लागतं, रात्र म्हणू नये, पाऊस म्हणू नये.

म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांना बेदरची सनद आठवली नाही, १७८९ सालची फ्रान्सची राष्ट्रसभा आठवली. त्या सभेनं २६ ऑगस्टला जाहीरनामा काढला, की माणूस जन्मानंच मोकळा आणि हक्कानं सारखा. हक्क आधी, राजा मागून. राजा सोळावा लुई मंजुरीला टाळाटाळ करू लागला. तेव्हा ऑक्टोबरात पॅरिसच्या बाया भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या, मग मंजुरी मिळाली. आपल्याही आया भाकरीसाठीच निघायच्या, पण पदर पसरून. फरक पदराचा आहे.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, त्या जाहीरनाम्यात तरी सगळी माणसं होती का? नव्हती. फ्रान्सच्याच ताब्यातल्या सेंट डोमिंग बेटावर उसाच्या मळ्यांत काळे गुलाम राबत होते. त्यांनी १७९१ साली बंड केलं. १७९४ ला फ्रान्सनं गुलामी रद्द केली, १८०२ ला नेपोलियननं पुन्हा आणली. बघा, दिलेलं परत घेता येतं! पण त्या लोकांनी नेपोलियनची फौज बुडवली आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र केलं. मग १८२५ साली फ्रान्सच्या लढाऊ जहाजांनी येऊन पंधरा कोटी फ्रँक मागितले. मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली म्हणून भरपाई. त्या मालमत्तेत ही माणसंच धरलेली. स्वतःचीच किंमत स्वतः भरायची! रक्कम पुढं कमी झाली, तरी त्यापायी काढलेल्या कर्जाचे हप्ते पार १९४७ पर्यंत चालले.

माझा प्रश्न इथंच आहे. आपला हक्क मिळाला म्हणून आपण कुणाचे आभार मानावेत का?

जोतीबांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मोकळं केलं म्हणून. हे आभारच झाले, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. जोतीबांना त्यांच्याकडून काही मिळालं नव्हतं. दुसऱ्यासाठी झगडणाऱ्याला तिसऱ्यानं शाबासकी देणं निराळं, आणि ज्याचं हिसकावलं होतं त्यानंच हात जोडणं निराळं. बाबासाहेबांनी तर ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर सांगून टाकलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाही, बुद्धाकडून घेतली. उसनवारीचंही ओझं नको.

आणि आपण? बोनसचा कायदा १९६५ साली झाला. तरी दिवाळीला गिरणीत पाकीट घेताना माझ्याच पाळीतला एक जण मालकाच्या पाया पडला. जयभीमवाला. मी विचारलं तर म्हणतो, "पाया पडायला काय पैसे लागतात व्हय?" त्याच्या घरी तीन लेकरं आहेत, त्याला मी काय शिकवू? पण आपण, जे पोरांना गोळा करून बाबासाहेब वाचून दाखवतो, ते तरी काय करतो? साहेबानं घरकुलाच्या यादीवर सही केली की हार घेऊन पळतो.

पुढल्या आठवड्यात स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी तहसीलवर जायचंय. अर्ज मी लिहितोय. वर 'मेहेरबान तहसीलदार साहेब' लिहायचं की नुसतं 'तहसीलदार', यावर आमच्या मंडळात दोन रात्री भांडण चाललंय.