न विचारणारा वाचक

नागपुरात बसून मी एका टूलचं डॉक्युमेंटेशन लिहितो. या टूलच्या आधारे एआय एजंट गोडो या गेम इंजिनमध्ये स्वतःच सीन उघडतो, नोड जोडतो, काढतो. एका कमांडपुढे मी लिहिलं होतं, ‘नोड काढून टाकते.’ गोडोत नोड काढला की त्याखालचे सगळे नोडही जातात. हे वेगळं काय सांगायचं, असं वाटलं. चाचणीत एजंटनं एक नोड काढला आणि अख्खी लेव्हल गेली. गिटमध्ये जुनी प्रत होती, म्हणून निभावलं.

चूक कुणाची? आपला झिरो माइलचा दगड हैदराबाद, जबलपूर किती लांब ते सांगतो. रस्ता कसा आहे, ते वाटसरू टपरीवर विचारतो. माझी अर्धवट वाक्यंही आजवर विचारणाऱ्यांनीच सांभाळून घेतली. एजंटला मात्र थांबून विचारावं लागेल, हेही माझ्याच वाक्यातून कळणार. म्हणजे चूक माझी.

आता मी प्रत्येक कमांडपुढे आधी काय जाईल ते लिहितो. पण एक गोष्ट टोचते. हेच मी नवख्या ज्युनियरसाठी का लिहिलं नाही? तो भीत भीत विचारायचा, आणि त्याची भीती माझं काम भागवायची.