कुंभाराचे गाढव आणि ग्राफिक कार्ड

मडके घडायला माती लागते, चाक लागते, चाक फिरवायची काठी लागते आणि कुंभार लागतो. पण माती ज्याच्या पाठीवरून आली त्या गाढवाचे काय? न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. विश्वनाथ पंचाननांच्या नावावर असलेल्या ‘कारिकावली’त आणि तिच्यावरच्या ‘मुक्तावली’त, म्हणजे सतराव्या शतकात, कार्याच्या आधी हजर असूनही कारण न ठरणाऱ्या पाच गोष्टी मोजल्या आहेत: काठीचे काठीपण, काठीचा रंग, आकाश, कुंभाराचा बाप आणि शेवटी गाढव. शास्त्रात त्यांना अन्यथासिद्ध म्हणतात. पाचांपैकी खरा आवश्यक तो पाचवाच, असेही तिथेच म्हटले आहे. गाढवाला वगळायची कसोटी नीट लावली की बाकीचे चौघे आपोआप गळतात.

डिजिटल चित्रांसाठी संगणक जुळवायला निघालेल्या विद्यार्थ्याला ही यादी फार उपयोगी पडेल. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडला जातो. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असले तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच कळते. काउंटरवर पहिला प्रश्न असतो, ‘बजेट किती?’ काम काय करणार, हे नंतर, विचारलेच तर. मग कोटेशन येते: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. आणि सगळ्यांत जाड रकमेचे ग्राफिक कार्ड.

आता हिशेब. ए-थ्री कागद ३०० डीपीआयला घेतला तर ३५०८ गुणिले ४९६१, म्हणजे पावणेदोन कोटींच्या आसपास पिक्सेल होतात. आठ बिटांच्या रंगात काठोकाठ रंगवलेला एक लेयर सुमारे ७० एमबी खातो. असे ५० लेयर म्हणजे साडेतीन जीबी, सोळा बिटांत त्याच्या दुप्पट. वर अनडूचा इतिहास, शेजारी उघडलेली संदर्भचित्रे, ब्राउझर. रॅम भरली की संगणक तिच्यातली माहिती एसएसडीवर हलवू लागतो आणि ते हाताला लगेच कळते. पेन कोपऱ्यात पोचलेले असते, रेघ अजून मध्यावर रेंगाळत असते. मग ती झटक्यात येते, पण हाताने घेतलेले वळण तोवर गेलेले असते.

इथे न्याय आणि मीमांसा या दोन दर्शनांचे जुने भांडण आठवते. चंद्रकांत मणी जवळ ठेवला की आग जाळत नाही, असे दोघेही धरून चालतात. मीमांसक म्हणतात, आगीत दाहक शक्ती असते आणि मणी ती मारतो. नैयायिक वेगळी शक्ती मानायला तयार नाहीत. आग आणि अडथळ्याचा अभाव, एवढ्यावर त्यांचे भागते. दुकानदार बहुधा मीमांसक असतो. त्याची भाषा ‘पॉवरफुल मशीन’ची. पण रेखाटनापुरते तरी नैयायिकांचे म्हणणे खरे ठरते. रॅमचे १६ जीबीचे ३२ केले की रेघ सुंदर होत नाही, तिचे रेंगाळणे जाते. ३२चे ६४ केले तर बहुतेक चित्रकारांना काहीच जाणवत नाही. शक्ती विकत घेतली असती तर ती वाढत राहायला हवी होती. गेलेला अडथळा दुसऱ्यांदा कसा जाणार?

प्रोसेसरचेही तसेच. ब्रशसाठी पुष्कळ कोअरपेक्षा एकेका कोअरचा वेग जास्त कामी येतो. मॉनिटर मात्र अडथळ्यात मोडत नाही. चित्रकार रंग ठरवतो तो पडद्यावर जे दिसते त्यावरून, म्हणून खर्चात पहिला मान एसआरजीबी रंग नीट दाखवणाऱ्या आयपीएस पॅनेलचा. कोटेशनमध्ये तो बहुधा सर्वांत खाली, उरलेल्या पैशांत बसवलेला असतो, हे अजबच. कॅबिनेटमधले रंगीत दिवे म्हणजे तर शुद्ध काठीचा रंग.

ग्राफिक कार्डाला मात्र सरसकट गाढव ठरवता येत नाही. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला पडदा रंगवायला थोडे ग्राफिक्स लागते, ते प्रोसेसरमधल्या चिपवर निभते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडररमध्ये प्रकाशाचे किरण मोजायला बसले की चित्र पालटते. तिथे काम तुकड्यांत वाटता येते. कार्ड जितके तगडे तितका वेळ कमी, आणि हे बरेच पुढेपर्यंत चालते. म्हणजे रेंडरिंगमध्ये मीमांसकांची शक्ती जिंकते. एकाच खोक्यात दोन्ही दर्शने नांदतात आणि कोणते लागू, हे कामावर ठरते.

ते ठरवायला नैयायिकांकडे अन्वय-व्यतिरेक आहे: वस्तू असताना काय होते आणि नसताना काय अडते, ते पाहायचे. जुन्या संगणकावर आपलेच सर्वांत जड चित्र उघडायचे, शेजारी टास्क मॅनेजर ठेवायचा आणि हात चालू असताना भरते काय ते बघायचे. मेमरी शंभरला टेकत असेल आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, दहा टक्क्यांवर लोळत असेल, तर कार्डाची ओळ कोटेशनमधून खोडावी. बोर्ड मात्र रॅमचे चार स्लॉट असलेला घ्यावा आणि एसएमपीएस थोडा वरच्या वॅटचा. पुढे ब्लेंडर शिकावेसे वाटलेच, तर कार्ड तेव्हा बसवता येते.