अस्सल नक्कल

नक्कल करायची तर पुरती करावी. आमच्या कचेरीत एक गृहस्थ साहेबांची नक्कल करीत. साहेबांना दर वाक्याआधी खाकरायची सवय. ती मात्र हे गृहस्थ भिडेखातर गाळीत. आता खाकरणं काढल्यावर साहेबांत उरतं काय? उरलेला कुठलाही इसम असू शकतो!

ब्राउझरमध्ये जुने व्हिडिओ गेम चालवणाऱ्या मंडळींपुढे हाच पेच आहे. २०१३ च्या डिसेंबरात इंटरनेट आर्काइव्हनं अटारी वगैरेंचे खेळ ब्राउझरमध्ये आणले तेव्हा ते मुके होते. पुढे आवाज आला, २०१७ मध्ये वेबअसेंब्ली प्रमुख ब्राउझरांत पोचली, वेग वाढला. आता निन्टेंडोचं १९८३ सालचं जपानी यंत्र आमचा पुतण्या फोनवर चालवतो. यंत्र कसलं, यंत्राचं सोंग! मूळ प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके द्यायचा. सोंगातला प्रोग्राम तेच ठोके मोजत बसतो.

त्या यंत्राला पडद्याच्या एका आडव्या रेषेत ८ पेक्षा जास्त हलती चित्रं काढता येत नसत. नववं गडप! म्हणून गेम लिहिणारे पाळीपाळीनं एकेकाला लपवीत, आणि गर्दी झाली की झाडून सगळे राक्षस लुकलुकत. सोंगात ही मर्यादा उठवायची सोय असते. एक खूण केली की लुकलुक बंद.

पुतण्या म्हणतो, "काका, करणाऱ्यांना तरी लुकलुक कुठं हवी होती? ती यंत्राची गरिबी."

मुद्दा बिनतोड. पण काही बिलंदरांनी त्या गरिबीचाच पडदा केला होता. एका रेषेत ८ कोरी चित्रं उभी करायची, की मागचं नको ते आपोआप गायब. मर्यादा उठली की झाकलेलं सगळं चव्हाट्यावर! मग खोट कुठली आणि खुबी कुठली, हे ठरवायचं कुणी? माझं मत लुकलुकीला.

त्यातून नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडलेली ती यंत्रं (ज्या घरात कुणी दहावीला नसे, त्या घरातली) बहुतेक निन्टेंडोच्या नकलाच होत्या. कॅसेट चालेना की बाहेर काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. फुंकरीतल्या ओलाव्यानं आतल्या पिना गंजतात, हे कुणाला ठाऊक होतं?

"मग फुंकर मारायचंही बटण ठेवायचं का?" पुतण्यानं विचारलं.

"ठेवायचं. आणि तीनदा दाबल्याशिवाय गेम चालू होता कामा नये."