दत्त म्हणजे दिलेला

भक्तहो, दत्त म्हणजे दिलेला. अत्रि-अनसूयेला देवाने स्वतःलाच देऊन टाकलं. त्या प्रभूंपाशी चार श्वान असतात. चित्रातल्या श्वानांना आपण चार वेद म्हणतो आणि दारातल्याला हाड् हाड् करतो! आपल्या देवगिरीवरची कथा आठवा: महाराज मलंगवेषात आले, सोबत कुत्री. नाथबाबा आधी बुचकळले. ती तर कामधेनू होती.

आज श्वान रक्तही देतो. गोचीड तापात कुत्र्याचं रक्त कमी होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. तेव्हा दुसऱ्या कुत्र्याचं रक्त त्याला जगवू शकतं. दाता निरोगी, लसीकरण झालेला, साधारण २५ किलोंचा हवा. मांजरांत रक्तगट न जुळवता दिलं तर जिवावर बेततं. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांची रक्तपेढी आहे.

पण मुका जीव 'घ्या' म्हणत नाही. तो घाबरला, अंग चोरू लागला, तर थांबा. ओढून घेतलं ते दान कसलं?

नाथबाबांनी तहानलेल्या गाढवाला गंगा पाजली. आपण निदान घरच्या कुत्र्याच्या गोचिड्या काढू, लस देऊ, तो धडधाकट असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवू. दत्तजयंतीचा हाही एक नैवेद्यच.

श्रीगुरुदेव दत्त!