असईच्या शिपायांना असईची माती

भोकरदन, जि. जालना

चि. बंटीस,


तू रंगवलेल्या इवल्या शिपायांचे फोटो पाहिले. डगल्याच्या चुण्या, पट्ट्यांच्या कडा, बंदुकीच्या दस्त्याचा लाकडी रंग, सगळं छान जमलंय. हात चांगला बसला तुझा. आता बेसचं, म्हणजे त्यांच्या पायाखालच्या जमिनीचं, काय करू, असं विचारतोस. सोबत परदेशी पुस्तकातली चित्रं पाठवलीस, त्यात असईच्या लढाईतले शिपाई पिवळ्या रेतीत उभे आणि शेजारी ताडाची झाडं. हिंदुस्थान म्हटलं की रेती आणि ताड, एवढंच त्यांना ठाऊक. तू मात्र तसं करू नकोस. ती लढाई आपल्या जिल्ह्यात झाली, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, 23 सप्टेंबर 1803 रोजी. तिथली माती तू लहानपणी पायाला थापून घरात आणायचास आणि तुझी आजी ओरडायची.

आधी थोडा इतिहास, कारण बेसचं सगळं त्यावर ठरतं. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. शिंद्यांच्या कवायती पायदळावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस होता. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की केळण्याला इथे उतार नाही. त्याने दुरून समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ गावं आहेत म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच, हा त्याने बांधलेला अंदाज. तो खरा निघाला आणि लढाई फिरली. जमीन नीट पाहणारा माणूस जिंकला, असं मी तरी म्हणेन, मग आपल्याला त्याचा कितीही राग असो.

आता काळ. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्याकडे पावसाळा सरत आलेला. पण 1803-04 हे दख्खनेत दुष्काळाचं साल आहे, तेव्हा भरगच्च हिरवळ लावलीस तर तेही खोटं. काळी जमीन, अधूनमधून विरळ गवत, कुठे एखादी तरवड किंवा रुई, एवढं पुरे. गाजरगवत दाखवू नकोस. ते 1955च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं. वेडी बाभूळही नको, ती इंग्रजांनी नंतर आणली. आपली साधी बाभूळ चालेल, पण इंचभर उंचीच्या शिपायामागे अख्खं झाड कशाला?

माप सांभाळ. तुझे शिपाई 28 मिलिमीटरचे, आणि साडेपाच फुटी माणूस त्यांच्या साठपट. म्हणजे नदीतला एक मिलिमीटरचा खडा तिथे सहा सेंटिमीटरचा धोंडा होतो. अशा धोंड्यांवरून पलटण चालली तर निम्मे पाय मुरगळून बसतील. म्हणून वाळू मैद्याच्या चाळणीने चाळ, वर राहिलेल्यातले दोन-तीन खडे ठेव आणि बाकी टाकून दे.

खरी गंमत काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. शेताला त्याचं काही वाटत नाही, बेसला वाटतं. नुसती माती फेविकॉलमध्ये कालवून जाड थर दिलास, तर दुसऱ्या दिवशी तो कडेने पापडासारखा उचलून येईल. तेव्हा माती आधी तव्यावर मंद आचेवर भाज. ओल जाते आणि किडामुंगीही. मग एक भाग माती, दोन भाग बारीक वाळू, फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ, आणि थर नखाइतकाच. शिपायाच्या पायाखाली प्लॅस्टिकची जी चकती असते, तिच्या कडा आधी एम-सीलने मिटवून घे, नाहीतर प्रत्येक जण ताटलीवर उभा वाटतो. भेगा हव्याच असतील, तर थर अर्धवट वाळल्यावर सुईच्या टोकाने स्वतः ओढ. आपोआप पडलेल्या भेगा या मापाला फार रुंद दिसतात.

वाळल्यावर थर जवळजवळ कोळशासारखा काळा होतो. घाबरू नकोस. राखाडीत थोडा तपकिरी मिसळ, ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा कर आणि वरच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरव. ढेकळं उठून दिसतील.

गावाच्या कडेचे दोन-चार बेस मात्र हौसेने कर. जोंधळा माणसाच्या वर जातो, म्हणजे इथे पाचेक सेंटिमीटर. फुलझाडूच्या बारीक काड्या कापून रोव. वरचं टोक फेविकॉलमध्ये बुडवून खसखशीत लोळव, कणीस झालं. खसखस तुझ्या आईला विचारूनच घे, भाव ऐकलास तर रंग महाग वाटणार नाहीत. काड्या दाट नकोत, साल दुष्काळाचं आहे.

एक गोष्ट मी हट्टाने सांगते. बरेच जण दोन्ही फौजांना वेगवेगळे बेस करतात, एकीला हिरवे, एकीला पिवळे, ओळखायला सोपं म्हणून. इथे ते करू नकोस. स्कॉटलंडहून आलेला 74व्या पलटणीचा शिपाई आणि शिंद्यांचा गोलंदाज, दोघंही एकाच रानात पडले. वेलस्लीच्या बाजूचे दीड हजारांवर मेले आणि जखमी झाले. ओळखीसाठी बेसच्या खालच्या बाजूला खूण कर.

तोफांच्या चाकांना चिखल लाव, आरे निम्मे भरतील इतका. तीच माती, फेविकॉल आणि थेंबभर वॉर्निश. नदी ओलांडून आलेल्यांच्या बुटांवरही लाव, पण गुडघ्यापर्यंत नको, रंगकाम झाकलं जाईल.

पार्सलात दोन पुरचुंड्या आहेत. लाल दोऱ्याची केळण्याची वाळू, पांढऱ्या दोऱ्याची शेतातली माती. माती भाजलेली नाही, तेव्हा उघडल्याबरोबर तव्यावर टाक, आणि तवा तुझ्या आईचा पोळ्यांचा नको.

तुझी,
आत्या