दुसऱ्यांदा उत्तर देणारा बाप

रामजी सुभेदार कबीरपंथी होते. रोज रात्री झोपण्यापूर्वी धाकट्या भिवाने आणि त्याच्या थोरल्या भावाने घरी जमलेल्या मंडळींना रामायण-महाभारताचा काही भाग वाचून दाखवायचा, असा त्यांचा दंडक होता. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. एकदा भिवाने विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची, अस्पृश्यांची मानहानीच आहे, ते आम्ही का वाचायचे? वडिलांना प्रश्न आवडला नाही. तुम्ही पोरं आहात, सांगितलं तेवढं करा, असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेस रामजी उत्तराची तयारी करून आले होते. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येण्याची भीती आहे. द्रोण, कर्ण हे लहान माणसांतून किती वर गेले पाहा, वाल्मीकी कोळी असून रामायणकर्ता झाला, असे त्यांनी सांगितले. मुलाला त्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच मला आवडत नाही, असे त्याने बापाच्या तोंडावर सांगितले. बाप गप्प राहिला.

हा मुलगा, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाला होता. राज्यात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बापलेकांतला हा संवाद बाबासाहेबांनी पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितला आहे.

शाळेतल्या त्या प्रवेशाचा सोहळा आपण दरवर्षी करतो. मला त्याहून मोठी वाटते ती रामजींची दुसरी खेप. पहिल्या वेळी ते तुमच्या-माझ्यासारखेच वागले. पण मुलाचा प्रश्न त्यांनी मनात ठेवला, त्यावर विचार केला, आणि पुढच्या वेळी हुकूम न देता कारण दिले. कारण मिळाले की मुलाला ते तपासता येते, नाकारताही येते. श्रद्धेच्या बाबतीत लेकराचे आईबापांवर जे ऋण असते, ते एवढेच आहे असे माझे ठाम मत आहे.

मुलाला आपला धर्म शिकवूच नये, असे मी म्हणत नाही. आपण मुलाला न विचारता मातृभाषा देतो, तसाच घरातला हरिपाठ, नमाज, पंचशील, पर्युषणाचे उपवास हेही त्याला मिळणारच. लोणंद-फलटणच्या रस्त्यावर आजीचे बोट धरून वारीत चालणारे पोर काही गमावत नाही; माणसांच्या गर्दीत आपण कोणाचे तरी आहोत, हे त्याला कळते. पण मराठी शिकलेल्या मुलाला कन्नड शिकलास तर घर बुडेल, अशी धमकी आपण देत नाही. श्रद्धेच्या बाबतीत मात्र सर्रास देतो. देव शिक्षा करील. देवीचा कोप होईल. असं विचारलंस तर पाप लागेल. ज्या वयात मूल आपल्या प्रत्येक शब्दावर विसंबून असते, त्या वयात हे भय त्याच्या मनात उतरते आणि पन्नाशीतही जात नाही. परीक्षेच्या सकाळी अंगारा लावून, दंडात ताईत बांधून गेलेल्या मुलाला पेपर बरा गेला तर स्वतःच्या अभ्यासाचे श्रेय मिळत नाही, आणि वाईट गेला तर आपले काय चुकले ते शोधायची सवय लागत नाही.

सर्वांत जास्त सोसावे लागते ते मुलींना. सांगली जिल्ह्यात, मिरज-जतकडे आणि पुढे सीमेपलीकडे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर, मुलीच्या केसांत गुंता झाला की घरात हळदीकुंकू निघायचे. देवीने मागणी केली, जट आली, आता कात्री लावायची नाही. गुंता वाढतो, मान दुखते, उवा होतात, वास येतो, वर्गात शेजारी कोणी बसत नाही, आणि मुलगी शाळा सोडते. कितीतरी मुली अशा देवीला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा 1934 मध्येच झाला, पण भय कायद्याला जुमानत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरी जाऊन, आईची समजूत काढून जट सोडवतात, तेव्हा अडसर असतो तो आईच्या मनातल्या भीतीचा. ही भीतीही तिला लहानपणीच कोणीतरी दिलेली असते. नवस आईबापांचा आणि तो फेडायचा लेकीच्या देहाने, हा कोणत्याही धर्माचा अधिकार असूच शकत नाही.

आपली राज्यघटना इथे अर्ध्या वाटेपर्यंत येते. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे कलम 28 सांगते. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत ते सक्तीचे करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे लेकराच्या वतीने हो म्हणायचे ते पालकाने. पण 1992 मध्ये भारताने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे 14वे कलम विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य खुद्द मुलाचे मानते; पालकांनी त्याला वाढत्या समजेप्रमाणे वाट दाखवायची आहे. आषाढीला शाळेत मुलांना विठ्ठल-रखुमाई करतात, गोड दिसतात. तिथे माझा आक्षेप एवढाच, की ज्याला टिळा लावायचा नाही त्या पोराला ‘नको’ म्हणता आले पाहिजे, आणि म्हटल्यावर त्याला कोणी वेगळे पाडता कामा नये.

या मातीला हे नवे नाही. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी आपल्या अखेरच्या, 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ ग्रंथात एक कुटुंब कल्पिले. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता एका घरात नांदतात. मुलगी स्वतः वाचते आणि स्वतः ठरवते, हे जोतीरावांनी एकोणिसाव्या शतकात लिहिले. आज आपल्या किती घरांत हे खपेल? 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे सोने मोडले. शेजारच्या ताटातल्या भाकरीने विटाळ होतो, हे घरी शिकलेले पोर त्या पंगतीत रोज स्वतः पडताळून पाहत होते. साताऱ्यात जन्मलेले, मिरजेत डॉक्टर झालेले नरेंद्र दाभोलकर तेच पडताळणे शाळाशाळांत वैज्ञानिक जाणिवा म्हणून शिकवत राहिले. आपला विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते जन्मभर सांगत होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या माणसाचे काय होते, हे महाराष्ट्रातल्या मुलांनी त्या दिवशी टीव्हीवर पाहिले.

म्हणून आता मोठ्यांनी मुलांना काहीतरी वेगळे दाखवणे भाग आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 2022 पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. त्या आवाजासरशी घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद व्हायचे आणि पोरे दीड तास अभ्यासाला बसायची. देऊळ आणि शाळा एकमेकांच्या उपयोगी पडू शकतात, हे या गावाने करून दाखवले. माझी विनंती आहे, अशा गावांनी आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावी. देवळाच्या ओसरीवर कीर्तनकार, मौलवी, भंते, विज्ञानाचे गुरुजी आणि आशाताई यांनी बसावे. देव आहे कशावरून, आजोबा मेल्यावर कुठे गेले, पाळीत ताईला देवळात का येऊ देत नाहीत, असे मुले विचारतील. मोठ्यांनी रागवायचे नाही. माहीत नसेल तर नाही म्हणायचे, आणि पुढच्या आठवड्यात रामजींसारखे तयारी करून यायचे.